तांदळाच्या डब्यातली शिट्टी

रत्नागिरीत महिन्यातून एकदा आम्ही काही आयाबाप एका शाळेच्या वर्गात जमतो. सगळ्यांच्या मुलांच्या कानात ऐकायचं मशीन आहे. मुलं मागच्या बाकांवर धुडगूस घालतात, आम्ही पुढच्या बाकांवर बसून बोलतो. गेल्या खेपेला बंदराकडची एक आई पहिल्यांदाच आली होती. मुलगा लहान, मशीन अगदी नवं. माझी निम्मी गोष्ट ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, तुम्ही एवढ्या शांत कशा राहिलात? मला तर सासूला माशांच्या टोपलीत बसवून वरून बर्फ टाकावासा वाटतो."

सगळे हसले. मीही हसले. पण घरी येताना एसटीत मला ते लागून राहिलं. मी शांत राहिले नव्हते. मी शिमग्याची वाट बघत होते.

म्हणून हे लिहिते आहे. मशीन कसं पुसायचं, कसं सुकवायचं हे दवाखान्यातल्या मॅडम नीट सांगतात. रागाचं काय करायचं हे कोणी सांगत नाही. सगळे म्हणतात, सोडून द्या. मी सोडलं नाही, आणि माझ्या मुलीचं त्यात भलंच झालं.

ढोल

माझ्या मुलीचं नाव ईशा. आमचं गाव पालीपासून आत आहे. नवरा मुंबईला कामाला, गणपतीला आणि शिमग्याला येतो. घरात मी, सासूबाई आणि ईशा. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पलीकडे नवऱ्याच्या चुलत्यांचं घर. त्यांना आम्ही तात्या म्हणतो, त्यांच्या बायकोला काकी.

तात्या गावचे मानकरी. शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते, तेव्हा प्रत्येक घराचं गाऱ्हाणं तेच घालतात. घरातल्या माणसाने आपलं मागणं त्यांना सांगायचं, त्यांनी ते मोठ्याने देवाच्या कानावर घालायचं, आणि जमलेल्या लोकांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तात्यांचा आवाज असा की आमच्या खळ्यातलं गाऱ्हाणं खालच्या वाडीत कळतं. त्यांना त्याचा अभिमान आहे. ते नेहमी सांगतात, "देवापुढं मानकऱ्याला सोताचं तोंड नसतं. घरवाला सांगंल तो शब्द. एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाय."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

ईशा दीड वर्षाची झाली तरी हाकेला वळत नव्हती. मी पाठीमागून टाळी वाजवायची, ती आपली फुलपात्र्याशी खेळत बसायची. मी घरात बोलून दाखवलं, तेव्हा तात्या म्हणाले, "आमचे आजोबा चार वर्षांपर्यंत बोलले नाय. मग मरेपर्यंत गप झाले नाय."

त्या शिमग्यात पालखी खळ्यात आली. ढोल सुरू झाले. ईशा ढोलाच्या जवळ जमिनीवर उभी होती. ती गुडघ्यात वाकून डुलायला लागली, हात वर केले, आणि अगदी ठेक्यात नाचली. तात्यांनी ढोल थांबवला, ती थांबली. पुन्हा वाजवला, ती पुन्हा नाचली.

"बघितलास?" तात्या सगळ्यांसमोर म्हणाले. "ढोल ऐकते पोर. शिकलेली सून घरात आली, की आजार पण शिकून येतात बरोबर."

सगळं खळं हसलं. माझा नवरासुद्धा जरा हसला. त्या ढोलावर आमचं आणखी एक वर्ष गेलं.

निदानाचा दिवस

एके दिवशी मी आंबोळ्या घालत होते. फळीवरचं पितळी पातेलं ईशाच्या मागे जमिनीवर आपटलं. मी दचकले, मांजर पळालं, ईशाने पापणी हलवली नाही.

दुसऱ्या सकाळी मी तिला घेऊन कोल्हापूरची गाडी पकडली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जा. कुणी विचारलाच तर माहेरी गेली म्हणून सांगते." मोठ्या दिरासमोर, तात्यांसमोर, पदर नीट केल्याशिवाय न बोलणारी बाई ती. माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झाली. आजारपणात अशा गोष्टी जपून ठेवाव्यात.

तिथल्या दवाखान्यात मुलीला औषध देऊन झोपवलं, डोक्याला तारा लावल्या. मी खुर्चीत बसून तिच्या पायाचे तळवे बघत होते. तपासणाऱ्या मॅडम बाहेर आल्या. त्यांनी आधी मला पाणी दिलं, तेव्हाच मला कळलं.

"दोन्ही कानांना बरंच कमी ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "मशीन लावलं तर ती बोलेल. पण जागी आहे तेवढा वेळ मशीन कानात हवं. सणाला, लग्नाला, पाहुणे आले तरी. बोलणं शिकायचं हे वय आहे, ते थांबत नाही."

मी म्हटलं, "पण ती ढोलावर नाचते."

"जमिनीवर उभी होती का?"

"हो."

"ढोल पायातून चढतो," मॅडम म्हणाल्या. "कडेवर घेऊन बघायचं होतं."

परत येताना आंबा घाटात ईशा मांडीवर झोपली होती. मॅडमनी सांगितलं होतं की बारीक, वाऱ्यासारखे आवाज तिला मुळीच येत नसणार. म्हणजे स आणि श. मी हळूच तिचं नाव घेतलं. माझ्या मुलीला तिच्या नावाचा मधला भाग कधी ऐकूच आला नव्हता.

सभेतल्या बहुतेक आया सांगतात की त्या दिवशी त्या खूप रडल्या. मी रडले नाही. मला घाटभर तात्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि त्यावर हसणारं खळं.

एक सांगायला हवं. माझी आई लांज्याला काजू सोलायला जायची. तिची बोटं काजूच्या चिकाने कायम काळी असायची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. शाळेतल्या एका बाईंनी मला हाताला धरून कॉलेजात नेलं नसतं, तर मॅडमचं बोलणं मला अर्धंही समजलं नसतं. त्या बाई, त्या मॅडम, माझी आई, यांचं ऋण मी रोज आठवते. राग आणि कृतज्ञता एका माणसात मावतात. एकमेकांना ढकलत नाहीत.

देवाचं नाव

महिन्याभरात मशीन आलं. तात्या पडवीत बसले होते. त्यांनी ईशाच्या कानांकडे बघितलं.

आमच्या देवाचं नाव भैरी. बोलताना आम्ही गावची माणसं बहिरीच म्हणतो. तात्या म्हणाले, "बरा झाला गो. पोरीला देवाचाच नाव मिळाला." काकी तोंडाला पदर लावून हसल्या.

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, तात्यांचा स्वभाव तो. तू कशाला तोंडी लागतेस? शेत एकत्र आहे, बाग एकत्र आहे." मी म्हटलं, "कान एकत्र नाहीत." त्याने फोन ठेवला. पुढचे कितीतरी दिवस आम्ही फक्त गॅस आणि औषधं यांवर बोललो.

त्याच दिवसांतली एक गोष्ट मात्र मी कोणालाही सांगताना पहिली सांगते. सकाळी सासूबाई खराट्याने खळं झाडत होत्या. ईशा माझ्या कडेवर होती, मशीन कानात. ती एकदम ताठ झाली. इकडेतिकडे बघायला लागली. मग तिची नजर खराट्यावर गेली. जांभ्याच्या फरशीवर खराट्याचे हीर घासत होते, श्श, श्श. तिने खाली उतरायचा हट्ट केला आणि खराट्यामागून चालत राहिली. सासूबाईंना कळलं. झाडून झालेलं खळं त्यांनी पुन्हा झाडलं, आणि परत एकदा. नंतर त्या नुसता स्वच्छ दगड झाडत होत्या.

ईशाला तिच्या नावातला श त्या खराट्याने शिकवला.

जे कामाला येईल ते

मशीनला दोरी बांधा आणि दोरीला चिमटा. तो मागून फ्रॉकला लावा. दोरी नसेल तर मशीन विहिरीत, शेणात, वड्याच्या पिठात, कुठेही सापडू शकतं.

आपल्याकडे हवेत पाणी आहे. डबीत सुकवायच्या पुड्या ठेवता, त्यांचा रंग बदलला की बदला. घामाने भिजलं तर चुलीजवळ ठेवू नका. माझ्या ओळखीत एकीने ठेवलं होतं.

सेल मुलाच्या हाती लागू देऊ नका. मुलं गोळी समजून गिळतात.

मशीन शिट्टी वाजवतं. मूल वाढतं, कान वाढतो, कानाच्या मापाने केलेला मशीनचा तुकडा, मोल्ड, सैल होतो, की शिट्टी. मशीन चालू असताना मुठीत धरलं, उशीखाली गेलं, कशात झाकलं गेलं, तरी शिट्टी. बायका विचारतात, काय वाजतंय? सांगा, मशीन वाजतंय. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सोपं जातं.

आणि खेळ असा शोधा की ज्यात मुलाला उत्तर द्यावं लागेल. आमचा खेळ गाऱ्हाण्याचा. मी तिच्यासमोर बसून म्हणायची, "बा देवा म्हाराजा, ईशाला पेज हवी." ती म्हणायची, "व्हय म्हाआजा." "ईशाला फणसाचे गरे हवेत." "व्हय म्हाआजा." र यायला वेळ लागला. पण माझं वाक्य संपेपर्यंत थांबायचं आणि मग बोलायचं, हे ती त्यात शिकली. मॅडमनी ते ऐकून मला रत्नागिरीकडच्या दुसऱ्या आयांपुढे उभं केलं. ही सभा तिथून सुरू झाली.

साखरपुडा

तात्यांच्या मुलीचा साखरपुडा आमच्याच खळ्यात झाला. पाहुणे लांज्याकडचे. सकाळपासून स्पीकर लावलेला. मी मागच्या पडवीत वडे तळत होते.

काकी आल्या, म्हणाल्या, "ईशाला दे इकडं, केस विंचरून गजरा घालते." मला बरं वाटलं. हे लिहितानाही त्या बरं वाटण्याचा संताप येतो.

बऱ्याच वेळाने बाहेर ओरडा झाला. खुर्च्यांचा टेम्पो पाणंदीतून मागे येत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि ईशा टेम्पोकडे पाठ करून मातीत बसून काजूची पानं रचत होती. सासूबाईंनी धावत जाऊन तिला दंडाला धरून ओढलं. दोघी कुंपणावर पडल्या. सासूबाईंचं कोपर सोललं. ईशाच्या केसांत गजरा होता. कानांत काही नव्हतं.

मी तिला उचलून काकींपाशी गेले. "मशीन कुठे आहे?"

"हाय गो, ठेवलाय. पाहुणे गेले की घाल."

"कुठे ठेवलंय?"

त्या तात्यांकडे बघायला लागल्या. तात्या मांडवातून उठून आले, आवाज खाली आणून म्हणाले, "मीच काढायला सांगितला. त्या लोकांनी विचारला घराण्यात हाय का, तर काय सांगू? एका दिसानं काय होताय? माझ्या पोरीचं लगीन मोडायचं होतं तुला?"

तेवढ्यात स्पीकरवरचं गाणं संपलं. दुसरं लागायच्या आतल्या शांततेत काकींच्या स्वयंपाकघरातून बारीक शिट्टी ऐकू आली. मी आत गेले. शिट्टी तांदळाच्या डब्यातून येत होती. झाकण काढलं, हात खुपसला. दोन्ही मशीनं चालूच होती. काकींना बंद करता आली नव्हती.

मी पाहुण्यांसमोर, मांडवाच्या मधोमध बसून ती पुसली आणि ईशाच्या कानात घातली. पाहुण्यांतली एक म्हातारी म्हणाली, "माझ्या नातवाला चष्मा हाय, तसाच ना हा?" मी म्हटलं, हो. लग्न ठरलं तसं झालंही. मशीनवरून कोणी चकार शब्द काढला नाही.

तिथेच संपलं असतं तर मीही सोडून दिलं असतं कदाचित. पण आठवड्याने आमच्याकडे नवऱ्याचा मित्र आला. मी चहा टाकला, वळले, तर ईशा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आमच्या तांदळाच्या डब्याशी बसली होती. तिने स्वतःच्या हाताने मशीनं काढून तांदळात खुपसली होती आणि वरून तांदूळ सारखे करत होती.

पाहुणे आले की कान लपवायचे, हे ती शिकली होती.

ते मोडायला किती दिवस गेले ते सांगत नाही. दारात चप्पल वाजली की तिचा हात कानाकडे. शाळेत घालायचं वर्ष समोर होतं. शाळेत तर सगळे परकेच. मॅडम म्हणाल्या, "तिला दिसलं पाहिजे की सगळ्यांसमोर मशीन घातलेलं चालतं. तिथे, जिथे ते काढलं गेलं."

मी म्हटलं, "दिसेल."

शिमगा

शिमग्याआधी नवे मोल्ड करायचे होते. मॅडमनी रंग विचारला. बहुतेक जण कातडीचा रंग घेतात. मी लालभडक सांगितला.

पालखी सकाळी आली. ईशाच्या मी दोन उंच शेंड्या बांधल्या होत्या. लाल कान असे की खळ्याच्या पार टोकावरून दिसावेत. ढोल वाजत होते तोवर मी तिला लांब कडेवर घेऊन उभी राहिले. ढोल थांबले तेव्हा पुढे आणून खाली ठेवलं. तिचा हात कानाकडे गेला. मी तो माझ्या हातात धरला.

पालखी पोरांच्या खांद्यावर होती, त्यांत माझा नवराही. मी ओवाळलं, नारळ ठेवला. तात्या पुढे झाले. "बोल गो सूनबाय. काय मागणं?"

दरवर्षी मी म्हणायची, सगळ्यांना सुखी ठेव. या वर्षी मी मोठ्याने, शुद्ध भाषेत, शाळेत कविता म्हणतात तशी उभी राहून सांगितलं.

"माझ्या मुलीच्या कानातलं मशीन ज्याने काढलं आणि ज्याच्या सांगण्यावरून काढलं, त्याच्यावर असा दिवस आण देवा, की तो हाक मारील आणि ती कोणाला ऐकू जाणार नाही. पुन्हा तिच्या कानाला जो हात लावील, त्याचंही तेच कर."

काकींनी खांब धरला. नवऱ्याने पालखीच्या दांड्याखालून माझ्याकडे बघितलं.

तात्या हळू म्हणाले, "ह्या असला सणाला मागत नाय कुणी."

मी म्हटलं, "घरवाला सांगेल तो शब्द, तात्या. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही."

मागून ढोलवाल्यांतला एक म्हातारा म्हणाला, "घाला तात्या, घाला. पोरांचं खांदं भरून आलं. देव काय दिसभर लटकून ऱ्हानार?"

तात्यांनी डोळे मिटले. "बा देवा बहिरी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले.

"आज तुझी पालखी ह्या खळ्यात आली म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या घरच्या सुनेनं तुझ्यापुढं नारळ ठेवलाय. तिच्या लेकीच्या कानातला मशीन जेनं काढला आसंल... आन जेच्या सांगण्यावरून काढला आसंल..."

"व्हय म्हाराजा."

त्यांचा आवाज, तो खालच्या वाडीत जाणारा, इथे खळ्याच्या आतच थांबला. मी वाट बघितली. सगळ्यांनीच बघितली.

"तेनं हाक मारावी म्हाराजा, आन ती कुणाच्या कानावर पडू नये. पुन्हा हात लावंल, तेचाबी तोच कर."

"व्हय म्हाराजा," सगळं गाव म्हणालं. माझा नवरा म्हणाला. सासूबाई पदराआडून म्हणाल्या. आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, वाक्य पुरतं संपू देऊन, शिकवल्याप्रमाणे, ईशा एकटीच खणखणीत म्हणाली, "व्हय म्हाराजा."

र आला होता.

लोक हसले. यावेळचं हसणं वेगळं होतं. पालखी धरलेल्या पोरांनी तिच्याकडे बघून पुन्हा ओरडायला सांगितलं, ती पुन्हा ओरडली. तिचा हात माझ्या हातातून सुटला होता आणि कानाकडे गेला नव्हता.

नंतर

आता खरी गोष्ट. शिमग्यात पाचसहा दिवस घरोघर ओरडून तात्यांचा घसा दरवर्षी बसतो. दरवर्षी आठवडाभर ते खुणांनी बोलतात. हे मला माहीत होतं. मी पदवीधर आहे; घसा बसणार हे मी हिशेबात धरलं होतं.

पालखी देवळात गेली, आणि तिसऱ्या दिवशी तात्यांनी बागेतल्या गड्याला हाक मारली. घशातून नुसता वारा आला. गडी वळला नाही. तात्या खळ्यात मटकन बसले, असं सासूबाई सांगतात. मी बघितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

संध्याकाळी काकी आल्या. "गो, मागणं परत घे. हे जेवत नाय. सारखं आरशात तोंड उघडून बघतात."

"दरवर्षीच बसतो ना घसा?"

"दरवर्षी कुणी असा मागत नाय."

"काकी," मी म्हटलं, "तुमच्या तांदळाच्या डब्यात मशीन वाजत होतं तेव्हा तुम्हाला ऐकू येत होतं का?"

मी अट सांगितली. तात्यांनी ईशाशी बोलायचं तर समोर बसून, तोंडाकडे तोंड करून, नाव पूर्ण घेऊन. पाठीमागून हाक नाही, बहिरी हा शब्द नाही. असं बरीच वर्षं झालं की मग बघू.

घसा आठवड्याने सुटला, दरवर्षीसारखाच. पण तात्यांनी ते मानलं नाही. त्यांच्या मते देवाने मुदत दिली आहे. आता ते खळ्यात आले की आधी ईशापुढे उकिडवे बसतात, गुडघे दुखतात तरी. म्हणतात, "ईशा, कशी हायस?" श अगदी स्पष्ट. ती सांगते. तिच्या शाळेत पाहुणे आले, तर ती स्वतःहून शेंडी बाजूला करून लाल मोल्ड दाखवते. वाडीत तिच्या कानाला कोणी हात लावत नाही. गजरा माळायचा तरी मला विचारतात.

नवरा अधूनमधून म्हणतो, आता घे ना परत. बंदराकडच्या आईने मात्र सभेत पुढची निम्मी गोष्ट ऐकून विचारलं, "ताई, तुमचा तो मानकरी आमच्या वाडीत यायचं काय घेईल?"

मी मागणं अजून परत घेतलेलं नाही. तात्या मुलीशी गोड बोलतात ते मायेने नव्हे, भीतीने बोलतात. मशीनमधून तिला तो फरक ऐकू येत नाही. तिला फक्त एक म्हातारा माणूस समोर बसून तिचं पूर्ण नाव घेताना ऐकू येतो.

मला फरक ऐकू येतो. तो ऐकायला मी रोज संध्याकाळी हातातलं काम ठेवून पडवीत येऊन बसते.